नळाला पाणी का येत नाही आणि त्यामुळे वस्तीचे काय होते? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

धरण भरलेले आहे, मग आमच्या नळाला पाणी का नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि तो अगदी रास्त आहे. धरण आणि नळ यांच्यामध्ये बरेच टप्पे असतात: नदीतून किंवा जलाशयातून पाणी उचलणारे पंप, शुद्धीकरण केंद्र, मुख्य जलवाहिनी, उंचावरची टाकी, तिथून निघणाऱ्या वितरण वाहिन्या, गल्लोगल्लीचे व्हॉल्व्ह आणि शेवटी घरची जोडणी. यातला कुठलाही एक टप्पा अडला की धरण काठोकाठ भरलेले असूनही नळ कोरडा राहतो.

विजेचेच पाहा. वीज अर्धा तास गेली तर पाण्याचे नुकसान अर्ध्या तासाचेच होईल असे वाटते. पण पंप थांबल्यावर उताराच्या बाजूने वाहिनी रिकामी होत जाते, टाकीची पातळी खाली येते. वीज आल्यावर आधी वाहिनी भरायची, त्यातली हवा बाहेर पडायची, मग टाकी भरायची. तोवर तुमच्या भागाची पाळी संपलेली असते. वेळापत्रकानुसार पुढच्या भागाचा व्हॉल्व्ह उघडला जातो आणि तुम्ही थेट पुढच्या पाळीपर्यंत थांबता.

पाऊस कमी पडला की टंचाई येते हे खरेच आहे. पण चांगल्या पावसाच्या वर्षीही ज्या वस्त्यांत पाणी पोचत नाही, तिथे कारण आभाळात शोधू नये. ते बहुतेक वेळा गळती, अपुरा दाब, जुनी वाहिनी किंवा असमान वाटप यांत सापडते.

शेवटच्या टोकाच्या आणि चढावरच्या घरांनाच नेहमी कमी पाणी का मिळते?

पाणी दाबाने चालते. पाण्याच्या साधारण 10 मीटर उंचीमागे दर चौरस सेंटिमीटरला 1 किलो दाब तयार होतो. टाकी जेवढी उंच तेवढा दाब जास्त. पुढे पाइपच्या भिंतींशी घर्षण होत दाब कमी होत जातो, आणि वाटेतली प्रत्येक जोडणी आपला वाटा काढून घेते. टोकाला उरतो तो शिल्लक दाब. घर चढावर असेल तर चढाच्या उंचीइतका दाब आणखी वजा होतो.

पाइपच्या जाडीचा परिणाम लोकांना वाटतो त्यापेक्षा खूप मोठा असतो. व्यास निम्मा केला तर तेवढ्याच दाबाला पाणी निम्म्यावर येत नाही, ते सहाव्या हिश्श्याच्या आसपास येते. शंभर घरांसाठी टाकलेल्या वाहिनीवर पुढे चारशे घरे जोडली गेली की टोकाच्या घरांना काय मिळत असेल, याचा अंदाज यावरून येईल. आतून क्षार आणि गंज साचून अरुंद झालेल्या जुन्या लोखंडी पाइपांचेही तेच होते.

टोकाची आणि चढावरची ही घरे बऱ्याचदा वस्तीतली सगळ्यात गरीब घरे असतात. शहर वाढते तेव्हा स्वस्त जागा तिथेच मिळते. म्हणून दाबाचा प्रश्न दिसायला तांत्रिक असला तरी त्याची झळ कोणाला बसते हे आधीच ठरलेले असते. मला या विषयातली सगळ्यात अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

नळाला थेट मोटर लावली तर काय बिघडते?

दोन गोष्टी बिघडतात. पहिली उघड आहे: मोटर शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढते. एकाने लावली की दुसऱ्याला लावावी लागते, आणि ज्याला मोटर परवडत नाही त्याचा नळ बंद पडतो. दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. मोटरच्या ओढीने वाहिनीतला दाब बाहेरच्या दाबापेक्षा खाली जातो. मग जिथे सांधा ढिला आहे किंवा पाइपला चीर आहे, तिथून आजूबाजूच्या मातीतले पाणी आत खेचले जाते. शेजारून गटार जात असेल तर गटाराचे पाणी खेचले जाते.

मोटर लावणाऱ्याला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. दाब पुरेसा असता तर कोणी मोटर लावली नसती. जमिनीखाली किंवा जमिनीलगत टाकी घेऊन त्यात नळाचे पाणी आपल्या दाबाने पडू द्यावे आणि मोटर त्या टाकीवर लावावी. त्यामुळे निदान दुसरा धोका तरी टळतो.

दिवसाआड किंवा ठरावीक तास पाणी सोडल्याने पाण्याची बचत होते ना?

कागदावर होते. वाहिनीत पाणी कमी तास राहते, म्हणून गळतीही तेवढेच तास होते, आणि आकडा कमी दिसतो. पण या पद्धतीची किंमत दुसरीकडे मोजावी लागते.

दिवसभराचे पाणी दोन तासांत द्यायचे तर वाहिनीतून सरासरीच्या बारा पट वेगाने पाणी जायला हवे. बहुतेक वाहिन्यांची तेवढी क्षमताच नसते, म्हणून सुरुवातीच्या घरांच्या टाक्या ओसंडून वाहतात आणि टोकाला धार लागत नाही. पाणी पुन्हा कधी येईल याची खात्री नसल्याने लोक नळ उघडाच ठेवतात, मिळेल त्या भांड्यात भरून ठेवतात आणि नवे पाणी आले की उरलेले ओतून देतात. त्यांचे चुकते असे म्हणता येत नाही, कारण अनिश्चिततेत माणूस असेच वागतो.

रोज भरणे आणि रिकामे होणे वाहिनीलाही सोसत नाही. अचानक दाब आला की सांध्यांवर धक्के बसतात, अडकलेली हवा झटके देते, मीटर हवेनेही फिरतो. नव्या गळत्या तयार होतात. आणि वाहिनी रिकामी असते त्या तासांत आत दाब नसल्यामुळे बाहेरची घाण आत झिरपायला मोकळी वाट मिळते. सतत भरलेल्या वाहिनीला चीर पडली तर पाणी बाहेर जाते. रिकाम्या वाहिनीच्या चिरेतून घाण आत येते. म्हणून शुद्धीकरण केंद्रातून उत्तम पाणी निघूनही नळाला दूषित पाणी येऊ शकते.

खऱ्या दुष्काळात कपात करावीच लागते, त्याला इलाज नाही. पण वर्षानुवर्षे चालणारी पाळी ही कपात राहत नाही, ती व्यवस्थेचा भाग होऊन बसते.

पाणी आल्यावर पहिली काही मिनिटे गढूळ येते. ते वापरावे का?

पिण्यासाठी नाही. रिकाम्या वाहिनीत बसलेला गाळ, गंज आणि बाहेरून झिरपलेले पाणी त्या पहिल्या धारेत असते. ते वेगळ्या बादलीत धरा आणि संडास धुण्यासाठी किंवा झाडांना वापरा. धार नितळ झाल्यावर पिण्याचे भरा. वाहिनीच्या दुरुस्तीनंतर पाणी सुरू होते तेव्हाही हेच करावे, आणि त्या दिवशी पिण्याचे पाणी उकळूनच घ्यावे. नितळ झाल्यावरही घाण वास राहत असेल तर ते पाणी पिऊ नका, ताबडतोब कळवा.

पाणी दिसायला स्वच्छ असेल तर ते पिण्यालायक असते का?

नाही. या समजापायी जगात फार माणसे गेली आहेत. 1854 मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृतांची घरे नकाशावर मांडली आणि संशयाचे बोट ब्रॉड स्ट्रीटवरच्या एका हातपंपाकडे गेले. त्या पंपाचे पाणी लोकांना चवीला चांगले वाटत असे. सप्टेंबरमध्ये पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला. दिल्लीत 1955 च्या अखेरीस यमुनेतल्या उपशाच्या जागी सांडपाणी पोचले आणि सुमारे 29 हजार लोकांना कावीळ झाली. पाण्यावर प्रक्रिया झालेली होती, पण ती काविळीच्या विषाणूला पुरी पडली नाही.

कॅनडातल्या वॉकर्टन गावात मे 2000 मध्ये मुसळधार पावसानंतर शेतातल्या शेणखताचे पाणी गावाच्या विहिरीत उतरले. क्लोरीनचे प्रमाण नीट राखले जात नव्हते, त्याच्या नोंदीही खऱ्या नव्हत्या. सात माणसे दगावली आणि दोन हजारांहून अधिक आजारी पडली. लहान गाव होते, श्रीमंत देश होता, यंत्रणा बसवलेली होती. रोजची तपासणी मनापासून झाली नाही, एवढ्यानेच हे घडले.

उकळल्याने सगळे दोष जातात का?

जंतू जातात. पाण्याला खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट ठेवले की पुरते. समुद्रसपाटीपासून 2000 मीटरपेक्षा उंच ठिकाणी तीन मिनिटे ठेवावे, कारण तिथे पाणी कमी तापमानाला उकळते. पाणी गढूळ असेल तर आधी निवळू द्या, घडी घातलेल्या स्वच्छ कापडातून गाळा, मग उकळा. थंड झाल्यावर त्याच भांड्यात झाकून ठेवा आणि पेला बुडवू नका, ओगराळ्याने काढा. उकळलेले पाणी हात बुडवून पुन्हा दूषित करण्याची चूक घरोघरी होते.

विरघळलेली रसायने मात्र उकळून जात नाहीत. आर्सेनिक, फ्लोराइड, नायट्रेट, शिसे हे सगळे पाण्यातच राहते, आणि थोडे पाणी वाफ होऊन गेल्यामुळे त्याचे प्रमाण किंचित वाढते. त्यांच्यासाठी वेगळी गाळण यंत्रणा किंवा वेगळा स्रोत हाच उपाय.

नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो. तो अपायकारक आहे का?

हलका वास येणे चांगले लक्षण आहे. वाटेत काही घाण मिसळली तर तिच्याशी लढायला थोडे क्लोरीन शिल्लक आहे, असा त्याचा अर्थ. नळाशी दर लिटरला 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन असावे असा सर्वसाधारण दंडक आहे. जागतिक आरोग्य संघटनेची वरची मर्यादा 5 मिलिग्रॅम आहे, म्हणजे बऱ्याच वर. वास अजिबात येत नसेल तर उलट चौकशी करावी, विशेषतः टोकाच्या घरांनी. ब्लीचिंग पावडर उघडी किंवा दमट जागी ठेवली की तिचा जोर उतरतो. पावडर टाकल्याची नोंद असते पण पाण्यात क्लोरीन नसते. ओटी (ऑर्थोटोलिडिन) चाचणीत, म्हणजे त्या रसायनाचे थेंब टाकल्यावर, पाणी पिवळे झाले की क्लोरीन आहे. दोन मिनिटांत उत्तर मिळते.

माणसाला रोज किती पाणी लागते?

पिणे, स्वयंपाक, अंग धुणे, कपडे, भांडी आणि संडास धरून दर माणशी 50 ते 100 लिटर. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 28 जुलै 2010 रोजी पाणी आणि स्वच्छता हा मानवी हक्क मानला; त्या हक्काच्या संदर्भात हे माप वापरले जाते. स्रोत घरापासून 1000 मीटरच्या आत असावा आणि पाणी आणायला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागू नये, हेही त्यातच येते. डोक्यावरून पाणी वाहून आणणाऱ्या घरांना 50 लिटर क्वचितच मिळतात. तिथे आधी कपात होते ती हात धुण्यात, आणि मग जुलाब, खरूज, डोळे येणे सुरू होते. दूषित पाण्याइतकेच अपुरे पाणीही आजारी पाडते.

पाणी भरण्याचा भार कोणावर पडतो?

बायकांवर आणि मुलींवर. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या 2023 च्या अहवालानुसार, ज्या घरांच्या आवारात पाणी नाही अशा दहांपैकी सात घरांत पाणी आणण्याचे काम बायका आणि मुलींकडे आहे. अशा घरांत जगातली 1.8 अब्ज माणसे राहतात.

एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. वीस लिटरचा हंडा म्हणजे वीस किलो आणि भांड्याचे वजन वेगळे. पाच माणसांच्या घराला अडीचशे लिटर लागतात, म्हणजे बारा-तेरा खेपा. मान, पाठ, गुडघे यांचे दुखणे इथून सुरू होते आणि त्याची नोंद कुठल्याही पाणीपुरवठ्याच्या अहवालात होत नाही. गरोदरपणातही या खेपा थांबत नाहीत.

वेळेचे नुकसान त्याहून खोल आहे. पाणी पहाटे तीनला येणार असेल तर कोणीतरी तीनला उठणार. कधी येईल ते माहीत नसेल तर कोणीतरी दिवसभर घरी थांबणार. ज्या बाईला थांबावे लागते तिची मजुरी बुडते. ज्या मुलीला थांबावे लागते तिची शाळा आधी उशिरा होते, मग बुडते, मग सुटते. मासिक पाळीच्या दिवसांत शाळेच्या संडासात पाणी नसेल तर मुली घरीच राहतात. पाणीपुरवठ्याचा हिशेब लिटरमध्ये मांडला जातो तेव्हा हे सगळे तास त्यातून गळून जातात. माझ्या मते वेळापत्रक पाळणे, म्हणजे सांगितलेल्या वेळी पाणी सोडणे, हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय आहे. त्याला नवे धरण लागत नाही.

रांगेत भांडणे का होतात?

कारण पाणी कमी असते आणि ते संपण्याआधी आपली पाळी येईल याची खात्री नसते. 2016 च्या दुष्काळात लातूरमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली होती. पुढे एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. अशा वेळी जुने जातीचे, गटाचे, गल्लीचे ताण पाण्याच्या निमित्ताने वर येतात, आणि ज्याचा शब्द वस्तीत चालत नाही तो मागे ढकलला जातो.

साठवलेल्या पाण्याने डेंग्यू होतो हे खरे आहे का?

डेंग्यू पसरवणारा एडिस डास घराजवळच्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा पिंप, टाकी, हौद रिकामे करून आतल्या कडा घासून कोरड्या करायच्या. कडेला चिकटलेली अंडी नुसते पाणी बदलून जात नाहीत. पाण्याची टंचाई असताना भरलेले पिंप ओतून द्या असे सांगणे कठीण आहे, हे मान्य. तिथे घट्ट झाकण किंवा तोंडाला बांधलेले जाड कापड हाच व्यवहार्य मार्ग.

टँकरचे पाणी हा उपाय आहे की नाही?

तातडीपुरता आहे. पण टँकर रोजचा झाला की गरीब घर श्रीमंत घरापेक्षा महाग पाणी पिऊ लागते. संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या 2006 च्या मानव विकास अहवालाने दाखवले की एकाच शहरात झोपडवस्तीतले लोक नळ असलेल्या सधन घरांच्या पाच ते दहा पट दर लिटरमागे मोजतात. टँकर कुठून भरला, आतून कधी धुतला, त्यात क्लोरीन टाकले का, हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. विचारा.

आम्ही सगळ्यांनी मिळून बोअर घेतली तर?

आधी पाणी तपासून घ्या. खोल पाणी जंतूंपासून बऱ्यापैकी सुरक्षित असते, पण खडकातली रसायने त्यात उतरलेली असू शकतात. बांगलादेशात तळ्याच्या दूषित पाण्याला पर्याय म्हणून 1970 नंतर लाखो कूपनलिका खोदल्या गेल्या. जुलाब कमी व्हावेत हा हेतू चांगला होता. 1993 मध्ये त्या पाण्यात आर्सेनिक असल्याचे कळले, तोवर कोट्यवधी लोक ते पीत होते. आर्सेनिकला चव नाही, वास नाही, रंग नाही. दर लिटरला 10 मायक्रोग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे. फ्लोराइडसाठी ती 1.5 मिलिग्रॅम आहे; त्याहून जास्त फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात गेले तर दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडे वाकतात.

शिवाय जमिनीत मुरणाऱ्या पाण्यापेक्षा उपसा जास्त झाला की भूजलाची पातळी खाली जाते. ज्याची बोअर खोल त्याला पाणी, बाकीच्यांच्या कोरड्या. जकार्तासारख्या शहरात तर भूजल उपसून जमीनच खचत गेली आहे.

जुन्या पाइपांमुळे पाणी विषारी होऊ शकते का?

होऊ शकते. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने एप्रिल 2014 मध्ये खर्च वाचवण्यासाठी स्रोत बदलून नदीचे पाणी घेतले. पाइपांची झीज रोखणारे रसायन त्यात घातले नाही, आणि शिशाच्या जोडण्यांतले शिसे पाण्यात उतरू लागले. रहिवासी बाटल्यांत तपकिरी पाणी भरून दाखवत होते, तरी स्रोत पूर्ववत व्हायला ऑक्टोबर 2015 उजाडला. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम कायमचा असतो. लोक तक्रार करतात तेव्हा पाणी आधी तपासा, खुलासा नंतर करा, असे यंत्रणेला बजावून सांगावेसे वाटते.

गळती थांबवून खरेच फरक पडतो का?

कंबोडियातले नॉमपेन्ह पाहा. 1993 मध्ये तिथे शुद्ध करून सोडलेल्या पाण्यापैकी सत्तर टक्क्यांहून अधिक पाणी गळती, चोरी आणि बेहिशेबी जोडण्यांत जात होते. युद्धाने मोडलेले शहर होते. ‘एक सोन चान’ या नावाच्या अधिकाऱ्यांनी पाणीपुरवठ्याची सूत्रे घेतली, प्रत्येक जोडणीला मीटर बसवला, बड्या थकबाकीदारांची जोडणी तोडण्याची हिंमत दाखवली, गळती शोधणारी पथके नेमली आणि गरीब घरांना जोडणीच्या खर्चात सवलत दिली. पुढच्या दशकभराच्या आसपास शहराला चोवीस तास पाणी मिळू लागले आणि तूट दहा टक्क्यांच्या खाली आली. चान यांना 2006 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

यात नवे धरण नव्हते. हरवणारे पाणी सापडले, एवढेच. म्हणून टंचाईवर पहिला उपाय म्हणून दूरच्या नदीतून नवी योजना आणण्याची घोषणा होते, तेव्हा आधी सध्याच्या गळतीचा आकडा मागावा.

लोकांनी काटकसर केली तर काही होते का?

होते, पण माहिती उघड असेल तरच. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनमध्ये दुष्काळामुळे 1 फेब्रुवारी 2018 पासून दर माणशी रोज 50 लिटरची मर्यादा आली. धरणांची पातळी, शहराचा वापर आणि नळ बंद होण्याची संभाव्य तारीख लोकांसमोर सतत मांडली जात होती. शहराचा वापर काही वर्षांत निम्म्याहून खाली आला आणि ती तारीख टळली. मात्र त्याच शहरात सार्वजनिक नळावर रांग लावणारी माणसे आधीपासूनच 50 लिटरच्या आत जगत होती, हे विसरता येत नाही. काटकसरीचे आवाहन सगळ्यांना एकसारखे करणे अन्यायाचे आहे.

तक्रार करतो, पण कोणी दाद देत नाही. काय करावे?

"पाणी कमी येते" या तक्रारीला "बघतो" एवढेच उत्तर मिळते. आकड्यांना असे उत्तर देता येत नाही. महिनाभर वही ठेवा: तारीख, पाणी आले कधी, गेले कधी, रंग-वास कसा होता, आणि 20 लिटरची बादली भरायला किती वेळ लागला. चार मिनिटे लागली तर मिनिटाला पाच लिटर. हीच नोंद गल्लीच्या सुरुवातीच्या, मधल्या आणि टोकाच्या घरी एकाच दिवशी करा. दाब कुठे पडतो ते त्यातून दिसते, आणि गळती किंवा अर्धवट बंद व्हॉल्व्ह कुठे असेल याचा अंदाज येतो. जुलाब किंवा कावीळ झालेली घरे याच वहीत लिहा. एकाच वाहिनीवरची घरे आजारी पडत असतील तर ते पुढच्या आठवड्याची वाट न पाहता आरोग्य विभागाला कळवायचे असते.

व्हॉल्व्ह उघडणारा माणूस वाहिनी कुठून कुठे जाते हे कोणत्याही नकाशापेक्षा चांगले सांगतो. त्याच्याशी भांडू नका, त्याला विचारा. नंतर लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि तीन गोष्टी नेमक्या मागा: तुमच्या भागाचे पाणी सोडण्याचे वेळापत्रक, गेल्या वर्षभराचे पाणी तपासणीचे अहवाल, आणि ते नमुने कुठून घेतले त्याची यादी. सगळे नमुने टाकीजवळचे असतील तर पुढचा नमुना टोकाच्या घरातून, तुमच्यासमोर घ्यावा असा आग्रह धरा.